गच्चीवरचं मीठ

“बठ्ठं हवामां शे, सर,” असं म्हणत भाऊ चिमट्यातला कागद उन्हासमोर धरायचे. हवेत सगळं काही आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पाचोऱ्याला आमच्या कॉलेजच्या गच्चीवर हवा तपासायचं यंत्र होतं. ते दिवसभर हवा ओढायचं आणि हवेतले कण पांढऱ्या कागदावर बसायचे. मी भूगोल शिकवायचो, यंत्र माझ्या ताब्यात होतं. पण रोज सकाळी कागद बदलायचे ते आमचे शिपाई, भाऊ. कागदाचा रंग पाहून सांगायचे, “काल वीटभट्टी पेटली.” एकदा म्हणाले, “ही काळी रेघ प्राचार्यांच्या मोटारसायकलची.” तुम्हीही हसला असता.

एका वर्षी प्रयोगशाळेचा अहवाल आला. पावसाळ्यातल्या कागदांवर मीठ फार निघालं होतं. प्राचार्यांनी विचारलं, हे कसं? समुद्र कुठे आणि पाचोरा कुठे. भाऊ शेजारीच उभे होते. मी म्हणालो, “जेवणाचे हात लागले असतील यांचे.”

“सर, मी चिमट्यानंच उचलतो,” भाऊ म्हणाले. आठवड्याभरात त्यांना सायकल स्टँडवर नेमलं.

पुढच्या पावसाळ्यात नवा माणूस हातमोजे घालून कागद बदलत होता. मीठ तेवढंच निघालं. तेव्हा कुठे मी वाचायला बसलो. लाटा फुटतात, फेसातले बुडबुडे फुटून बारीक थेंब उडतात. पाणी सुकतं, मिठाचा कण उरतो आणि वाऱ्यावर फार लांब जातो. अशा कणांभोवती वाफ जमून ढगांचे थेंब बनतात. ढग किती पांढरा होणार, किती ऊन परत पाठवणार, जमीन किती तापणार, यात या कणांचा हात असतो. पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर समुद्र आमच्या गच्चीवर येत होता.

यावर मी सभागृहात भाषण दिलं. टाळ्या पडल्या. बाहेर आलो तर भाऊंनी माझी गाडी सावलीत लावून ठेवलेली. “चांगलं झालं का सर?” त्यांनी विचारलं. “हो,” म्हणालो आणि किक मारली.

त्यानंतर सहा वर्षं रोज त्यांच्यासमोर गाडी लावली. सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणत आलो. राहून गेलं नव्हतं, मी टाळलं होतं.

निवृत्त झाल्यावर वर्षभरातच भाऊ गेले. मी त्यांच्या गावी गेलो आणि ओट्यावर बसून त्यांच्या पत्नीला, अक्कांना, सगळं सांगितलं.

अक्का म्हणाल्या, “तवापासून त्यास्नी कालेजमा भाकर खादी नही. म्हनेत, हातले मीठ लागी जास.”

सायकल स्टँडवर तर कागद नव्हतेच.

“तुम्हले कधी समजनं, सर?”

“सात वर्षांपूर्वी.”

अक्का उठून आत गेल्या. मी बराच वेळ ओट्यावर बसून होतो. त्या परत बाहेर आल्या नाहीत.