विक्रीला नसलेला गणपती

पेणमध्ये आम्हाला पहिलं दर्शन घडलं ते गणपतीच्या पोटावर टेकवलेल्या पायाचं. स्टँडवरून रिक्षा एका गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंना कारखाने (मूर्ती घडवायच्या शेड) आणि एका ओट्यावर एक माणूस भलीमोठी मूर्ती आडवी पाडून, पायानं दाबून धरून तिच्या कानावर पॉलिशपेपर घासत होता. माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, किंचाळल्याच. "अगं बाई, देवाला पाय लावलाय त्यानं! थांबव रे रिक्षा!" रिक्षावाल्यानं काही थांबवली नाही. त्याला त्यात बघण्यासारखं काही वाटलंच नसावं.

आम्ही सोलापूरहून कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आलो होतो. आधी पेणचा विक्री महोत्सव, मग रोह्याचा, असा बेत. मंडपात आमच्या शेजारी मंदाताईंचा स्टॉल होता. माघी गणपती जवळ आला होता, म्हणून त्यांनी शाडूच्या छोट्या मूर्ती मांडल्या होत्या. अक्कांनी बसल्या बसल्या त्यांच्याकडे त्या पायाची तक्रार केली.

मंदाताई हसल्या. "ताई, मातीच हाय ती अजून. आमी मालच म्हनतो त्याला. पूजा लागली का मग देव. मग आमी पन पाया पडतो."

अक्कांना ते पटलं नाही. पण मंदाताईंनी पोह्याचे पापड भाजून पुढे केल्यावर त्यांचं तोंड दुसऱ्या कामाला लागलं. आमच्या चटणीचं मात्र तिथे भलतंच झालं. एका बाईनं बोटभर चाखली, डोळ्यांत पाणी आणलं आणि विचारलं, "यात नारळ नाय?" नाही म्हटल्यावर तिनं माझ्याकडे अशा दयेनं बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि दोन पाकिटं घेऊन गेली.

मंदाताईंच्या सगळ्या मूर्तींच्या मागे एक गणपती ठेवलेला असे. हातभर उंच, अंगाला रंगाचा थेंब नाही, नुसती करडी माती आणि त्यात फक्त डोळे काढलेले. कुणी भाव विचारला की त्या म्हणत, "तो विक्रीला नाय." मी त्या डोळ्यांकडे बघितलं आणि बघतच राहिले. गिऱ्हाईक समोर उभं आहे हेही विसरले.

रोह्याला जाताना एकच टेम्पो केला. मालावर लक्ष ठेवायला म्हणून अक्का मागे बसल्या आणि पोत्याला टेकून झोपल्या. पुढे मी आणि मंदाताई. त्यांच्या मांडीवर तो गणपती, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. कोलाडला चहासाठी थांबलो तरी त्या उतरल्या नाहीत. मी चहा त्यांना जागेवर नेऊन दिला, तेव्हा त्या आपण होऊन बोलल्या.

"आमचे हे आखणी करायचे. डोळे काढायचे म्हंजे. गावात तसा हात कुनाचा नवता. हा शेवटचा. डोळे झाले, रंग व्हायचा होता, आनि हे गेले. आता बाकीच्यांचे डोळे मी बाहेरून करून घेते. याला नाय कुनाचा हात लागू देत. कुठं पन गेली तरी संगती असतो."

मी त्यांचा हात धरला.

रोह्याला पोचल्यावर शेजारच्या वरसे गावच्या एका आजींनी आम्हाला पोपटी खाऊ घातली (वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून जाळावर शिजवतात ती). आजींचा स्टॉल कडव्या वालांचा. इतकं साधं खाणं इतकं चवदार असतं याचाही मला धक्काच बसला. पण तो सुखाचा होता.

खरा धक्का दुसऱ्या सकाळी. दुकान मांडलं की पहिलं ताट देवाला, हा आमच्या घरचा नेम. आमच्या देवाच्या तसबिरीची काच टेम्पोत फुटली होती. मी नळावरून पाणी घेऊन आले तर अक्का मंदाताईंच्या स्टॉलपुढे डोळे मिटून उभ्या. त्या गणपतीच्या कपाळाला हळदकुंकू, डोक्यावर जास्वंद, पुढे निरांजन, आणि ताटात भाकरी-चटणीचा नैवेद्य.

"अक्का, काय केलंत हे!" माझ्या हातातली कळशीच निसटली.

"का गं? किती दिवस बिचारा माल म्हणून पडलाय. म्हटलं, आपल्या हातून तरी देव होऊ दे."

मला त्यांचा भयंकर संताप आला. मंदाताई टेम्पोत जे बोलल्या ते सगळं सांगितलं, तसा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात मंदाताई आल्या. त्यांनी ते कुंकू बघितलं आणि मंडपाचा बांबू घट्ट धरला.

आजी धावत आल्या. "अगो मंदे, मंत्र नाय, बामन नाय, कसला देव झाला? पूस ते कुंकू नि ठेव आत!"

मीही तेच म्हटलं. अगदी हात जोडून म्हटलं.

"नाय," मंदाताई म्हणाल्या. "ताईंनी मनापासून हात जोडले. आमच्या घरात पूजा लागलेली मूर्ती परत फळीवर जात नाय. ह्यांनी कधी ठेवली नाय. मी पन नाय ठेवनार."

दुपारी आम्ही चौघी कुंडलिका नदीवर विसर्जनाला गेलो. मंदाताईंनी आरती म्हटली. आवाज एकदाही कापला नाही, उलट माझाच फुटला. गुडघाभर पाण्यात जाऊन त्यांनी मूर्ती खाली सोडली. वर आल्या, पदर पिळला आणि अक्कांसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता राग बाहेर पडणार.

"ताई, ह्यांनी देवाचे डोळे काढले," त्या म्हणाल्या. "मी त्यात ह्यांनाच बघत बसलेली. देव तुमालाच दिसला."

मग वाकून त्यांनी अक्कांच्या पायांना हात लावला.

परतीच्या गाडीत अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. एरवी त्यांच्या बडबडीनं कंडक्टर वैतागतो. मी दरवर्षी गणपती आणते, पण ते डोळे कुणीतरी काढलेले असतात, आणि काढणारा माणूस कुणाचातरी असतो, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. पुणं मागे पडलं तेव्हा अक्का एवढंच बोलल्या.

"एक शिवी तरी द्यायला पाहिजे होती गं तिनं मला."