तसाहो म्हणजे चान्या

आई तिसऱ्यांदा अमेरिकेत आली, तेव्हा विमानतळावरून घरी येतानाच तिने मला सांगून टाकलं, "या खेपेला मला ओक ट्री रोडला नेऊ नको."

आधीच्या दोन्ही वेळी मी तिला दर शनिवारी एडिसनला, तिथल्या भारतीय बाजारात न्यायचे. तिला बरं वाटेल म्हणून. ढोकळा, पावभाजी, साड्या, पानाचं दुकान. "ते सगळं नांदेडला मिळतं," ती म्हणाली. "इथं दुसरे लोक राहतात की नाही? ते काय खातात?"

माझी आई नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोर आलेल्या माणसाची चौकशी करायची सवय काही गेलेली नाही. कुठले, घरी कोण कोण, जेवण जातं का. दवाखान्यापुरतं इंग्रजी आणि भरपूर हातवारे, एवढ्यावर तिने पिस्कॅटवेच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये महिनाभरात जेवढ्या ओळखी केल्या, तेवढ्या मला सहा वर्षांत जमल्या नव्हत्या.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण क्यूबन आहे. म्हणजे ती जन्मली इथेच, तिचे आईवडील क्यूबाहून आलेले. लंचला मी तिला आईची तक्रार सांगितली. ती म्हणाली, "युनियन सिटीला घेऊन ये ना त्यांना. माझी मावशी तिथे एका रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाक करते. फक्त घरून काही खाऊन येऊ नका."

शनिवारी आम्ही दोघी गेलो. युनियन सिटी म्हणजे नदीपलीकडे मॅनहॅटन, आणि अलीकडे कड्यावर दाटीवाटीने वसलेलं गाव. पार्किंग शोधण्यात माझा जीव मेटाकुटीला आला. आई मात्र खिडकीतून स्पॅनिश पाट्या वाचत होती. त्या तिला कळत नव्हत्या, पण अक्षरं लावून मोठ्याने वाचत होती.

मैत्रीण दाराशीच उभी होती. तिने आत न नेता आधी बाजूच्या खिडकीशी नेलं. रस्त्याकडे उघडणारी साधी खिडकी, आणि तिथे उभ्याउभ्याच कॉफी प्यायची. एकच पेला मागवायचा आणि तो सगळ्यांनी वाटून घ्यायचा, म्हणून सोबत प्लॅस्टिकचे चिमुकले कप देतात. आईने कप बोटांत धरून उजेडात पाहिला. "हे तर खोकल्याच्या औषधाचं माप आहे." मग एक घोट घेतला आणि लगेच दुसरा. कॉफी काळी, कडक आणि पाकासारखी गोड. वर बदामी रंगाचा फेस.

"दूध नाही, मग फेस कशाचा?"

मी विचारायच्या आतच ती खिडकीतून आत डोकावली होती. आतल्या बाईंनी हसून दुसरी कॉफी करून दाखवली. भांड्यातून पहिले जे दाट थेंब पडतात ते साखरेवर घालायचे, चमच्याने खसाखसा फेटायचे, साखर फिकी पडली की वरून उरलेली कॉफी ओतायची.

"अगं, ही तर आपली फेटलेली कॉफी!" आई म्हणाली. "ड्यूटीवर आम्ही करायचो. हात दुखून यायचा. इथे येईस्तोवर कुणी सांगितलं नाही मला."

आत बसल्यावर मैत्रीण मेनू वाचून दाखवू लागली. ती इंग्रजीत सांगायची, मी मराठीत. एका पदार्थाचं नाव होतं 'जुने कपडे'. मांस शिजवून शिजवून त्याचे दोरे काढतात, ते ढोबळ्या मिरचीत आणि टोमॅटोत परततात. चिंध्यांसारखं दिसतं म्हणून ते नाव. आईला ते इतकं आवडलं की तिने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आधी आला उकडलेला युका. पांढरे लांबट तुकडे, वर लसूण आणि आंबट संत्र्याचा रस घातलेलं गरम तेल. आईने तुकडा काट्याने उघडला. "बटाटा नाही हा. यात दोरा आहे बघ." मी फोनवर शोधलं आणि तिला सांगितलं की साबुदाणा याच कंदापासून करतात.

"साबुदाणा? कंदापासून?" तिने काटा खाली ठेवला. "मला आजवर वाटायचं कुठल्या तरी झाडाला दाणे लागत असतील." आमच्या घरी उपास नाहीत, पण शेजारच्यांच्या एकादशीची खिचडी आमच्याकडे नेमाने यायची. "इतकी वर्षं खाल्ला, आणि विचारलं नाही कधी," ती स्वतःशीच म्हणाली. तिला ते फार लागलेलं दिसलं.

भिंतीवर एका फळ्यावर शनिवारचे खास पदार्थ खडूने लिहिले होते. आईने बोट दाखवलं. "ते काय?"

"तसाहो," मैत्रीण म्हणाली. "बीफच्या पातळ पट्ट्या कापून, मीठ लावून वाळवतात. मग रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या, शिजवायच्या आणि कांद्यावर परतायच्या."

मी तेवढं मराठीत सांगितलं. आई माझ्याकडे पाहत राहिली. मग सावकाश म्हणाली, "चान्या."

हा शब्द मी आत्मकथनांतून वाचला होता. तिच्या तोंडून मात्र कधीच ऐकला नव्हता. आमचं बालपण दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये गेलं. आई कोंबडी, मासे, अंडी सगळं चवीचं करायची, पण तिच्या माहेरच्या गावी काय शिजायचं हे ती आम्हाला सांगत नसे आणि आम्हीही विचारत नसू. आणि आता ती भर रेस्टॉरंटमध्ये, जिथे मराठी कळणारी मी एकटीच होते, खणखणीत आवाजात बोलू लागली.

"माझी माय करायची. उन्हाळ्यात. लांब लांब पट्ट्या कापायची, हळद-मीठ चोळायची आणि अंगणात दोरीवर टाकायची. मेलेल्या ढोराचं खाणं माझ्या आज्यानंच सोडलं होतं, आमच्यात विकतचं यायचं. पावसाळ्यात काही मिळायचं नाही ना, तेव्हा ते कामाला यायचं. निखाऱ्यावर भाजून, भाकरीबरोबर." तिने मैत्रिणीकडे वळून विचारलं, "तुझी मावशी आहे ना आत? बोलाव की तिला."

मावशी आल्या. साठीच्या, ठेंगण्या, केसांना जाळी. टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. आता आईचा प्रश्न मी इंग्रजीत सांगायचा, मैत्रिणीने स्पॅनिशमध्ये, आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचं. मीठ किती? वास येतो का? घरी वाळवता का? मावशी म्हणाल्या, इथे कोण वाळवतंय, दक्षिण अमेरिकेतून पाकिटात येतं. पूर्वी उसाच्या मळ्यावरच्या गुलामांना हे खायला घालायचे, सगळ्यात स्वस्त म्हणून. आता महाग आहे, सणावारी करतात.

आईने मग विचारलं, "शेजारचे काही म्हणायचे का?"

मला तो प्रश्न इंग्रजीत सांगायला जरा वेळ लागला. मैत्रिणीने पुढे सांगितला तेव्हा मावशींच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पुन्हा विचारून घेतलं, प्रश्न बरोबर ऐकला ना म्हणून. मग म्हणाल्या, "म्हणायचे ना. जेवायला कधी येऊ, म्हणायचे."

आई हसली. मग मावशींनी आवाज खाली आणून सांगितलं की त्यांच्या बेटावर आता हे मिळतच नाही. स्वतःची गाय असली तरी सरकारच्या परवानगीशिवाय कापता येत नाही. कापली तर तुरुंग.

"आमच्याकडेसुद्धा!" आई जवळजवळ ओरडलीच. "आता तर बैलाचंही बंद झालं."

दोन्ही देशांतली कारणं अगदी वेगळी. मी ती समजावून सांगायला लागले, पण दोघींना त्याची गरज वाटली नाही. मावशींनी आईच्या खांद्यावर थाप मारली आणि आत जाऊन स्वतः बशी भरून आणली.

आईने एक घास घेतला. बराच वेळ चावला. मी विचारलं, "तसंच लागतंय?"

"नाही," ती म्हणाली. "धुराचा वास नाही. पण चांगलं आहे." आणि तिने सगळं संपवलं. भाताबरोबर, काळ्या घेवड्याबरोबर, शेवटी पावाने बशी पुसून.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पुण्याच्या एक काकू मुलाकडे आल्या होत्या. संध्याकाळी आई आणि त्या तळ्याला चकरा मारायच्या. सोमवारी मीही सोबत होते. काकूंनी विचारलं, "मग शनिवारी कुठे गेला होतात?" आईने कॉफी सांगितली, युका सांगितला. मी मनात म्हणत होते, आता बस कर. पण ती थांबली नाही. "आणि वाळवलेलं बीफ खाल्लं. माझ्या माहेरी करायचे तसं."

काकू तीनचार पावलं भराभर पुढे गेल्या. मग मागे वळून म्हणाल्या, "तो साबुदाण्याचा कंद मात्र मला दाखवा हं."

मी रात्री आईवर चिडले. "सांगायची काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं," आई म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी काकू चालायला येतील की नाही, याची मला धाकधूक होती. त्या आल्या. गुरुवारी आईने माझ्याकडून युकाचं गोठवलेलं पाकीट आणवलं, आणि काकूंनी आमच्या किचनमध्ये उभं राहून त्याला तुपाची, जिऱ्याची, हिरव्या मिरचीची फोडणी घातली, वर दाण्याचं कूट. काकू स्वतः उपास धरणाऱ्या. "हे उपासाला चालेल की नाही, हे आता कोणाला विचारायचं?" म्हणाल्या. दोघींनी बराच खल केला. साबुदाणा चालतो तर त्याची आई का चालू नये, असं माझ्या आईचं म्हणणं. काकूंना ते पटलं, पण त्यांनी आधी पुण्याला बहिणीला फोन लावला.

आई परत जायच्या आधी आम्ही पुन्हा युनियन सिटीला गेलो, आणि या वेळी काकूही आल्या. मैत्रीण गावाला गेलेली, त्यामुळे भाषेची पंचाईत. आई सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली, काकूंकडे बोट दाखवलं आणि मावशींना म्हणाली, "नो मीट. नो पिग. बीन्समध्ये पण नो." मावशींनी मान डोलावली आणि काकूंना भात, काळा घेवडा आणि तळलेली पिकली केळी आली. आईने तसाहो मागवलं. तिने बशी टेबलाच्या आपल्या कडेला ओढून घेतली होती, काकूंपासून लांब.

काकू केळी खात होत्या. मध्येच थांबून त्यांनी त्या बशीकडे पाहिलं. "वाळवताना माशा नाही का हो बसत?"

"उन्हात नाही बसत फारशा. हळद असते ना," आई म्हणाली. "भीती कावळ्यांची. मला काठी देऊन बसवायचे राखणीला. शाळेला सुट्टी म्हणजे हेच काम."

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "मला पापडांना बसवायचे! गच्चीवर. ऊन लागून घोळणा फुटायचा माझा."

मग कावळ्यांवरच बोलणं चाललं. ते किती धीट असतात, आरसा ठेवला तर येतात की पळतात, काळं फडकं बांधून उपयोग होतो का. या बाबतीत दोघींचं एकमत होईना. मी उठून कॉफीच्या खिडकीशी गेले आणि तिघींसाठी कॉफी सांगितली.