अडीच सुती बोल्ट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे. चौथीत असताना तिची शाळा सुटली आणि ती मेंढरांमागे गेली, म्हणून मी शाळेत टिकलो. आमच्या घरात दहावीपर्यंतही आधी कुणी पोचलं नव्हतं. मी शिरूरला राहून बी.एस्सी. झालो तेव्हा तिनं माझं प्रमाणपत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "आता तुला समदं कळतं का रं?" मी हसत हो म्हणालो. तिनं ते खरं धरलं.

रांजणगावला तेव्हा कंपन्या नव्यानं उभ्या राहत होत्या. मला एका कंपनीत माल तपासायच्या खात्यात काम मिळालं. दिवसभर व्हर्नियर हातात धरून मापं घ्यायची आणि कागदावर टिपायची. काम चांगलं होतं, पण तिथं मी काहीच बनवत नव्हतो. दुसऱ्यांनी बनवलेलं फक्त मोजत होतो. पाबळला एकदा शाळेतलं वर्कशॉप बघून आल्यापासून माझे हात शिवशिवत होते. शिरूरच्या खोलीमागं घरमालकाची पत्र्याची शेड रिकामी होती. तिथं मी एक टेबल ठोकलं, व्हाइस बसवला आणि शिफ्ट सुटली की काही ना काही जोडत बसू लागलो. कधी पंख्याचं स्टँड, कधी विळीला धार लावायचं चाक. बहुतेक गोष्टी अर्ध्यावर राहायच्या. एक संपायच्या आत दुसरी सुरू करायची माझी खोड होती.

या सगळ्याला स्क्रू आणि बोल्ट लागायचे, आणि ते आणायला मी कुठंही जायचो. शिरूरच्या बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान होतं. तिथं नवेकोरे बोल्ट मिळायचे, सहाचे, आठचे, दहाचे, सगळे मिलिमीटरमध्ये. पण दुकानात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यांची गर्दी असायची, आणि चार स्क्रू मागणाऱ्याकडे दुकानदार शेवटी बघायचा. कोरेगाव भीमाला हायवेच्या कडेला गॅरेजवाल्यांसाठी जाडजूड बोल्ट मिळायचे. मला मात्र आवडायचं दौंड. रेल्वे स्टेशनच्या बाजूला जुन्या लोखंडाची दोन-तीन दुकानं होती. तेलकट नट-बोल्टांचे ढीग पडलेले असायचे, उकिडवं बसून निवडायचे आणि किलोवर घ्यायचे. नट आणि बोल्ट एकमेकांत अडकलेले असायचे, मी जोडीनंच उचलायचो. त्यामुळे कुणाचा आटा, म्हणजे अंगावरचा पेच, कसला याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही.

अक्का दौंडलाच दिली होती. खरं सांगायचं तर गुरुवारच्या सुट्टीला चौफुल्याला गाडी बदलून दौंडला पोचलो, की मी आधी त्या ढिगाकडे जायचो आणि मग अक्काकडे.

अक्काच्या घराला लागून एक म्हातारी शेजारीण राहायची. गल्ली तिला काकू म्हणायची. काकूंनी पंचवीस-तीस वर्षं शेवया करून दिल्या होत्या. खांदा दुखायला लागला तसं त्यांनी आपलं यंत्र अक्काला दिलं. बीडाचं, ओतीव लोखंडाचं जड यंत्र, लाकडी बाकावर पक्कं केलेलं, बाजूला मुठीचं मोठं चाक, तोंडाशी भोकं पाडलेली पितळी चकती. ती चकती तीन बोल्टांनी आवळलेली असायची. चैत्र-वैशाखात गल्लीतल्या बायका मळलेलं पीठ ओल्या फडक्यात झाकून घेऊन यायच्या. अक्का चाक फिरवायची आणि काकू बाहेर येणारे धागे काठीवर झेलायच्या. ते झेलणं सोपं नव्हतं. काठी जरा उशिरा फिरली की धागे एकमेकांना चिकटून गोळा व्हायचा. काकूंच्या हातून तसं कधी झालं नाही. त्यांचा हात आणि अक्काचा खांदा असं ते चालायचं. घराबाहेरच्या कुणाकडून अक्काला मान मिळाला असेल तर तो या कामातून.

अशाच एका हंगामात तीनपैकी एका बोल्टाचं डोकं तुटलं. अक्कानं एसटीडी बूथवरून माझ्या घरमालकाकडे निरोप ठेवला. गुरुवारी मी माझी पेटी घेऊन पोचलो. पाच-सहा बायका पीठ घेऊन आधीच बसल्या होत्या. अक्का त्यांना म्हणाली, आला बघा, आता घटकाभरात सुरू होईल.

तुटलेला तुकडा मी पक्कडीनं धरून बाहेर काढला. माझ्या पेटीतला आठचा बोल्ट भोकाशी धरला. बोटानं दोन आटे छान गेला, मग अडला. मला वाटलं पिठाचा चुरा असेल. तेल सोडलं. पाना लावला. हलेना. बायकांपैकी एक म्हणाली, आमचं पीठ आंबंल तोवर. दुसरी म्हणाली, आंबू दे, डोसे करू. सगळ्या हसल्या. मला बसवेना, थांबवेना. मी पेटीतला पाइपचा तुकडा काढला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि जोर दिला.

बोल्ट फिरला. एकदम मऊ फिरला. हातातून काहीतरी निसटावं तसं झालं. मी बोल्ट मागं घेतला तर त्याला बीडाचा करडा चुरा चिकटून आला. भोकातले आटे गेले होते. बोल्ट आता नुसता आत-बाहेर होत होता.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "यंत्रच जुनं झालंय. आतले आटे आधीच संपलेले होते."

काकू म्हणाल्या, "परवापातुर चालत हुतं की."

"काकू, लोखंड आतनं झिजतं. वरून दिसत न्हाई."

मघाची ती डोसेवाली बाई म्हणाली, "म्हंजी काकूनं आमच्या ह्या अक्काच्या गळ्यात भंगारच मारलं म्हना."

या वेळी हसणं जरा वेगळं होतं. अक्का हसली नाही. ती काकूंकडे बघत राहिली. काकूंनी आपली काठी उचलली आणि त्या घरात गेल्या. बायका पीठ घेऊन दुसऱ्या गल्लीत गेल्या. मी अक्काला म्हणालो, नवीन बोल्ट शोधून आणतो, काहीतरी करू. एक शाबूत बोल्ट मी नमुन्याला खिशात घातला.

तो आठवडा मी शेडमध्ये एकही काम धड केलं नाही. जेवताना बोल्ट ताटाशेजारी ठेवायचो. कंपनीत व्हर्नियर लावून पाहिला, सात पॉइंट नऊ भरला. वाटलं, आठचाच आहे, वापरून घासलाय. शिरूरच्या दुकानदारानं लांबूनच पाहिलं आणि आठचा म्हणून सांगितलं. कंपनीच्या स्टोअरमधल्या मित्रानंही तेच सांगितलं. एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून मध्येच उतरून मी कोरेगाव भीमापर्यंत गेलो, तिथंही आठच. सगळे तेच सांगत होते आणि मला बरं वाटत नव्हतं. बोल्ट आठचाच असेल तर तो तिसऱ्या आट्याला अडला का, एवढाच प्रश्न होता. तो मी कुणालाच विचारला नाही, कारण विचारलं असतं तर पाइपचं सांगावं लागलं असतं.

पुढच्या गुरुवारी दौंडला उतरून त्या ढिगाकडे गेलो. दुकानातल्या म्हाताऱ्या आबांच्या हातात बोल्ट दिला. त्यांनी तो पाहिलाही नाही. अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरवलं.

"अडीच सुती," ते म्हणाले. "ह्याच्या जागी आठचा घातला व्हय तुमी?"

मी म्हणालो, दोन आटे गेला होता.

"दोन जातोच की. तितंच मानूस फसतो. जाडी सारखीच, पन आटा येगळा. तिसऱ्याला अडला की गप काढून घ्यायचा." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "पाइप लावला का?"

मी ढिगातला एक नट उचलून बोटांत फिरवू लागलो.

"लावला आसंल. कंपनीत हायसा ना? तुमाला अडल्यालं बघवत न्हाई."

त्यांनी मला समजावून सांगितलं की जुनी यंत्रं इंचाची, त्यांचे बोल्ट सुतावर मोजतात, आठ सुतांचा एक इंच. एवढं साधं होतं. खराब झालेलं भोक थोडं मोठं करून तीन सुती आटे पाडायचे, म्हणजे यंत्र पुन्हा उभं राहील. त्यांनी ढिगातून एक तीन सुती बोल्ट निवडून दिला आणि आटे पाडायचा स्वतःचा टॅप संध्याकाळपर्यंत वापरायला दिला.

मी अक्काकडे गेलो. भोक वाढवलं, चकतीचंही वाढवलं. टॅप अर्धा वळसा पुढं, थोडा मागं, पुन्हा पुढं, असं करत आटे पाडले. या वेळी कुठंही जोर दिला नाही. बोल्ट शेवटपर्यंत बोटानं गेला. नमुन्याला नेलेला बोल्टही त्याच्या जागी परत लावला. अक्कानं शेजारच्या दोघींना हाक मारली, पीठ आलं, चाक फिरलं. चकतीतून धागे सरळ खाली उतरले.

पण झेलायला काकू नव्हत्या. एका बाईनं काठी धरून पाहिली, गोळा झाला. दुसरीनं धरली, पुन्हा गोळा. अक्का चाक सोडून उभी राहिली आणि म्हणाली, "बोल्ट बसला, पन हात न्हाई."

मग कळलं की मी गेल्यावर अक्का काकूंच्या दारात जाऊन बोलली होती, गल्ली ऐकत असताना. माहीत असून झिजलेलं यंत्र दिलंत, असं. तेव्हापासून काकूंनी तिच्या बाजूचं दार उघडलं नव्हतं. अक्कानं मला चहा दिला आणि त्या दोघींना सांगितलं, "माझ्या भावानं सुधारलं म्हनून, न्हाईतर म्हातारीनं बुडवलंच हुतं मला." मी चहा पिऊन टाकला. टॅप आबांना परत केला आणि एसटी धरली. चौफुल्याला उतरलो तर शिरूरची गाडी लागलेली होती, तरी चढलो नाही. दौंडकडे जाणाऱ्या गाडीपाशी दोनदा गेलो आणि परत आलो. शेवटी शिरूरच्याच गाडीत बसलो. सकाळी शिफ्टला जायच्या आधी पत्र लिहिलं आणि स्टँडजवळच्या पेटीत टाकलं. अक्काला वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढलं होतं.

अक्का,

हे पत्र तू स्वतः वाच. दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नको.

यंत्र झिजलेलं नव्हतं. त्याचे आटे मी घालवले. तुझा बोल्ट अडीच सुती होता आणि मी आठचा घातला. तो अडला तेव्हा काढायला हवा होता. बायका बघत होत्या, मला थांबायची लाज वाटली, म्हणून मी पाइप लावून दाबला. सूत आणि मिलिमीटरमधला फरक मला तेव्हा माहीत नव्हता. पण आटे माझ्याच हातानं गेले हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी काकूंच्या यंत्राला नाव ठेवलं. त्या खरं बोलत होत्या, परवापर्यंत ते चालतच होतं.

काल तू चहा दिलास तेव्हा सांगणार होतो. नाही सांगितलं. तू माझ्यावर विश्वास ठेवून काकूंना बोललीस, म्हणून तो बोल तुझा नाही, माझा आहे.

मी गुरुवारी येतो आणि त्या दिवशी जेवढ्या बायका बसल्या होत्या तेवढ्यांसमोर सांगतो. पण तू गुरुवारची वाट बघू नको, हंगामाचे थोडेच दिवस उरलेत. पत्र मिळाल्याबरोबर काकूंकडे जा. दार उघडलं नाही तर दाराबाहेर उभी राहून वाच, त्यांना ऐकू जाईल. तुला माझी बाजू सांभाळून घ्यायची सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहितो, वाचताना एकही ओळ गाळू नको.

तुझा भाऊ