टोस्टचा ग्लास

माझं शेवटचं पोस्टिंग नगरच्या छावणीत, आमच्या रेजिमेंटच्या ऑफिसर्स मेसमध्ये होतं. मी मेस दफेदार; वाढप, भांडी, ग्लास सगळं माझ्याकडे. गाव काष्टी. घर जवळ, तरी जाणं कमीच व्हायचं.

मेसमध्ये प्रत्येक ग्लासचं काम ठरलेलं. रेड वाइनला मोठ्या पोटाचा, व्हाइटला निमुळता. दोन्ही दांडीला धरायचे, कारण हाताच्या उबेनं वाइनची चव बिघडते. जेवणानंतरच्या गोड पोर्ट वाइनला सगळ्यात लहान ग्लास. टोस्ट, म्हणजे उभं राहून कुणाचं नाव घेऊन ग्लास उचलायचा आणि प्यायचं, तो त्यातच. जो पीत नाही, त्याला त्याच ग्लासात पाणी. शहिदांच्या टोस्टला ग्लासवर ग्लास वाजवायचा नाही.

आमच्या रेजिमेंटचे, नेवाशाचे कॅप्टन सुमित काश्मीरमध्ये डेप्युटेशनवर असताना शहीद झाले. काही महिन्यांनी त्यांच्या स्मरणार्थ मेसमध्ये जेवण ठरलं. आईवडिलांना बोलावलं होतं. त्या दिवशी माझं कशात लक्ष लागेना. पुसलेले ग्लास पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघत होतो.

जेवण नीट झालं. मी लहान ग्लासात पाणी ओतून सुमित साहेबांच्या वडिलांपुढे ठेवलं. त्यांनी मला खुणेनं खाली वाकायला सांगितलं.

"मी माळकरी हाय. ह्या गिलासात कधी दारू हुती का?"

मेस सेक्रेटरी मेजर साहेब मागेच उभे होते. "नाही म्हण," ते पुटपुटले.

मला जमलं नाही.

"व्हय, बाबा. धुतलाय, पन ह्याच्यात दारूच देत्यात."

त्यांनी ग्लास सरकवला. "मग मी हात जोडून हुभा ऱ्हाईन."

टोस्टला रिकाम्या हातानं कुणी उभं राहत नाही. सीओ साहेब, आमचे कमांडिंग ऑफिसर, घड्याळ बघत होते.

"काहीतरी कर. लवकर," मेजर साहेब म्हणाले.

स्टोअरमध्ये लहान ग्लास एकही कोरा नव्हता. रेड वाइनच्या मोठ्या ग्लासांचा एक खोका मात्र सीलबंद होता. तो फोडला. चिकटपट्टी सुटेना, दातानं ओढली. एक ग्लास विसळला, पाणी भरलं आणि नेऊन ठेवला.

"हा कोरा हाय. आत्ताच काढला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो दोन्ही तळव्यांत धरला. सगळ्या टेबलावर तोच मोठा दिसत होता. मेजर साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मी मागे सरकलो.

सीओ साहेब उठले. "कॅप्टन सुमित."

सगळे उठले. "कॅप्टन सुमित."

सगळे बसले. बाबा उभेच होते. पाणी तसंच होतं.

"सायेब, येक बोलू?"

"बोला, बाबा."

"माझ्या पोराला उचलाया गेला, त्यो बी तितंच पडला. त्याचं नाव न्हाई घेतलं."

धरमपाल. आमच्या रेजिमेंटचा सवार, म्हणजे जवान. सुमित साहेबांचा बडी, कायम सोबत असणारा जोडीदार. त्याला सलामी परेड ग्राउंडवर दिली होती. ऑफिसर्स मेसच्या टोस्टमध्ये जवानाचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नव्हती. माझ्याही मनात आलं नव्हतं.

सीओ साहेब उठले. मग त्यांनी ग्लास पुन्हा उचलला.

"सवार धरमपाल."

खुर्च्या सरकल्या. "सवार धरमपाल."

बाबांनी सगळं पाणी पिऊन टाकलं आणि मग बसले.

धरमपाल हरियाणाचा. नुकतं लग्न झालं होतं. इथं असताना सुमित साहेबांचा निरोप सांगायला तो मेसच्या मागच्या दारापर्यंत यायचा, चहा तिथंच उभ्यानं प्यायचा. आत तो कधी आला नव्हता.