पडदा आधी, सुई मग

तरुणपणी एकदा मी ब्लाउज उलटा घालून दवाखान्यातून बाहेर पडले होते. सातपूरला बसमधून उतरेपर्यंत कळलं नाही. आणि तोरा असा, जणू लढाई जिंकून चाललेय.

छातीत गाठ लागली होती. सोनोग्राफीत बघत सुईनं तिचा तुकडा काढायचा होता. मी टेबलावर उघडी. भोवती शिकाऊ पोरं. मोठ्या डॉक्टरनं आडनाव विचारलं, वस्ती विचारली, हसला. पोरांना म्हणाला, "ह्या वस्तीतल्या बायका गाठ लिंबाएवढी झाल्यावरच उगवतात."

मी म्हटलं, पडदा लावा.

"तुझ्यात बघण्यासारखं काय आहे?"

उठले. निघाले.

बाहेर बाकावर पेठ तालुक्याकडची एक बाई बसलेली. पुढचा नंबर तिचा. "ताई, आत काय करत्यात? लय दुखतं का?"

मी मोठी शहाणी. डॉक्टरवरचा राग सुईवर काढला. "सुई लावली की गाठ पसरते. ऊठ, घरी जा."

ती उठली. पिशवी काखेत मारून माझ्यामागून जिना उतरली. फाटकाशी हसली, सुटल्यासारखी.

माझी गाठ पुढे विरली. नशीब ते, अक्कल नव्हे. तिची? मी नावही विचारलं नव्हतं. अजून भाकरी थापताना मागे तिच्या चपला वाजतात. मी वळत नाही.

यंदा सोनोग्राफीत दुसऱ्या बाजूला ठिपका दिसला. हाताला न लागणारा. डॉक्टर तरुण पोरगी. म्हणाली, "आजी, चित्रात जागा दिसते. साधं की कॅन्सर, ते तुकडा तपासल्यावरच कळतं. म्हणून स्क्रीनवर बघत सुई नेमकी तिथं न्यायची. बऱ्याचदा साधंच निघतं."

"सुईनं पसरतं ना?"

"नाही. त्या भीतीनं बायका उशिरा येतात."

पेठची बाई डोळ्यापुढं आली. तरी म्हटलं, "आधी पडदा. तो लागल्याशिवाय पदर हलणार नाही. आणि स्क्रीन माझ्याकडे वळवा. अंग माझं आहे."

पडदा लागला. सुई ठिपक्यात शिरली, तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. तरुणपणी त्या दिवशी मी बंड केलं नव्हतं. पळाले होते. आणि जाता जाता एकीला पळवलं होतं.

रिपोर्ट यायचाय. काहीही येवो. आता पळणार नाही. आणि माझ्यादेखत कुठल्या बाईला पडद्याशिवाय उघडी करू देणार नाही.

सुई निघाल्यावर डॉक्टर पोरीला पेठच्या बाईचं सगळं सांगितलं होतं. विचारलं, वाचली असेल का गं?

ती हातमोजे काढत म्हणाली, "मला नाही माहीत, आजी. पण बाहेर एक बसलीय, सुईला घाबरलेली. कुणी बोललं नाही, तर ती आत्ता उठून जाईल."