दगाभाऊची शर्यतीची मोटर

दगाभाऊची मोटर जितके कोस चालली नसेल, त्याहून जास्त तिचे किस्से चालले. आता या लढाईत पेट्रोल कूपनावर मिळतं, तरी आमच्या कोरीट गावच्या पारावर आम्ही चार जण बसलो की मोटर सुरू होतेच. पहिले दोन-तीन किस्से होईपर्यंत सगळे हसतात. मग दगाभाऊ उपरणं झटकून उठतो, आणि आम्हालाही पुढे सांगवत नाही.

मागची लढाई संपली तेव्हा कपाशीला असा भाव आला की शहाण्यांची डोकी फिरली. दगाभाऊ माझा चुलत भाऊ, तसा सरळ माणूस. पण तो गुजरातेत सरकी विकायला गेला आणि मोटर घेऊन आला. कुठल्याशा छोट्या संस्थानाच्या युवराजाने शर्यतीसाठी आणलेली, वापरून टाकलेली. पुढे हे लांबलचक नाक, मागे बसायला जेमतेम दोन माणसांची जागा. घेताना स्वस्त पडली, हे तो गावभर सांगत होता. युवराजाने ती का विकली, हे मात्र त्याने विचारलं नव्हतं.

मोठी माय, म्हणजे दगाभाऊची आई, हिने मोटरीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मोतीबिंदूने तिला फार दिसत नव्हतं, म्हणून तिने मोटर हाताने चाचपून पाहिली आणि चारचौघांत सांगून टाकलं, की आता माहेरी जाईन तर लेकाच्या मोटरीतूनच. माहेर कुठे, तर तापीकाठी, दीड कोसावर! पण शब्द तो शब्द. निरोप पोचला तसा तिच्या भावाने, आमच्या मामांनी, वाड्याच्या दाराचा एक खांब पाडून घेतला. बहिणीची मोटर आत यायला नको का?

*

मोटर नीट करायला सुरतेहून मिस्त्री यायचा. पारशी म्हातारा, रुस्तम त्याचं नाव. नंदुरबार स्टेशनवर उतरला की पहिलं चहाला विचारायचा, मग मोटरीला. दगाभाऊने एकदा भीत भीत म्हटलं, की खर्च जरा आवरता येईल का. रुस्तमने चष्मा पुसला.

"दगाभाई, आ तो राजानी घोडी छे. बळदनो खोराक एने न चाले."

आता आमच्याकडे सगळे बळदच, म्हणजे बैलच. पण बैलाला एवढं खायला घातलं असतं तर त्याने निदान शेत तरी नांगरलं असतं.

रुस्तम इंजिनाला कान लावून आवाज ऐकायचा. ते पाहून पाहून दगाभाऊचेही कान तयार झाले. सकाळी वहिनी जात्यावर बसली की हा अंथरुणातून सांगायचा, आवाज बरोबर नाही, कुठेतरी ठोका चुकतोय. वहिनीने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी जात्याचा खुंटा त्याच्या हातात दिला आणि ती पाण्याला निघून गेली. त्या दिवशीच्या भाकरी जाड्याभरड्या झाल्या.

*

एरंडेलाचा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. रुस्तम जाताना सांगून गेला होता, की शर्यतीच्या इंजिनाला एरंडेल चांगलं. दगाभाऊ हरखला. एरंडेल! ते तर आपल्या बांधावरचं! बैलगाडीच्या आसाला घालायला घरात डबाच्या डबा भरलेला होता. एवढ्या दिवसांत फुकट मिळालेली ही पहिलीच वस्तू, म्हणून त्याने हात सैल सोडून ओतलं.

मोटर निघाली ती धुराचा लोट सोडत. सगळ्या गल्लीत बाळंतिणीच्या खोलीसारखा वास. नाक्यापर्यंत गेली, खोकली आणि बसली. रुस्तमने येऊन इंजिन उघडलं, तर आत गाळ, चोथा आणि घाण्यातली माती. तो त्या दिवशी चहासुद्धा प्यायला नाही. ते इंजिन धुवून पुन्हा जोडायला नदीकडच्या शेताची त्या सालची कपाशी गेली. आणि मामांना निरोप गेला, की बहीण पोळ्याला येईल.

*

पोळ्याला मोटर खरंच सुरू झाली. मोठी माय नवं लुगडं नेसून बसली, मांडीवर भावासाठी पुरणपोळ्यांचा डबा. आम्ही मागून पळत शिवेपर्यंत गेलो आणि नाल्याच्या वाळूत मोटर रुतली. इंजिन घरघरलं आणि मुकं झालं.

एरवी बैलजोडी आणून ओढून काढायची, हे ठरलेलं होतं. पण पोळ्याला बैलाच्या मानेवर जू कोण ठेवणार? दगाभाऊचा सालदार गोबजी आमच्याकडे येता येता पन्नास हातांवरूनच मागे वळला आणि शिंगं रंगवायच्या कामाला लागला. दगाभाऊने आशेने आईकडे पाहिलं. घरच्या बैलांचं सगळं तीच बघायची.

"आज बैलेसना सण शे," मोठी माय म्हणाली. "मोटर तुम्ही वढा."

आम्ही ओढली. समोरून सजवलेले बैल वाजतगाजत येत होते, आणि आम्ही दोर खांद्यावर घेऊन माना खाली घालून चाललो होतो. लोकांनी आमच्यावरही गुलाल टाकला. पोळ्या तशाच डब्यात परत आल्या.

*

पुढे थंडीत मामा आजारी असल्याचं कळलं. मोठी माय बैलगाडीने जाते म्हणाली. दगाभाऊने तिला अडवलं. मोटरीचा एक भाग सुरतेला गेला होता, आठवड्यात येणार होता. मामांनी खांब पाडून ठेवलाय, बैलगाडीतून काय जायचं, थांब जरा, असं त्याने समजावलं. तीही थांबली. भाग आला, पण त्याआधी मामा गेले.

दारावर, म्हणजे मयताच्या घरी भेटायला, जायचं होतं. सकाळी मोठी माय मोटरीत जाऊन बसली. दगाभाऊने हँडल मारलं, गोबजीने मारलं, मी मारलं. मोटर हूं की चूं करेना. आता खाली उतर, हे तिला सांगायची कुणाची छाती होईना.

मग दगाभाऊने गोबजीला खूण केली. त्याने जोडी आणली, गळ्यातल्या घुंगरमाळा काढून माझ्या हातात दिल्या आणि मोटरीच्या पुढच्या आसाला साखळी बांधली. बैलांना हाकही न मारता तो नुसता कासरा धरून पुढे चालू लागला. दगाभाऊ चाक धरून बसला. मी बाजूने चालत होतो. मधेच एकदा त्याने भोंगा वाजवला. त्याचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

अर्ध्या वाटेवर मोठ्या मायने विचारलं, "कितली गुमान चाली ऱ्हायनी रे तुन्ही मोटर? इतला खर्च कया, तो वाया नही गया."

मी घुंगरमाळा छातीशी घट्ट धरल्या, वाजू नयेत म्हणून.

मामांच्या वाड्यात पाडलेल्या खांबाच्या जागेतून मोटर सरळ आत गेली. बायका रडत पुढे आल्या. मोठी माय माझा हात धरून खाली उतरली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि वळून म्हणाली,

"दगा, पहिले बैलेसले पाणी पाज. मंग घरमा ये."