तांबडीच्या शिंगावरचं माझं वय

माझं खरं वय किती, हा प्रश्न हिंगोलीच्या कचेरीत एकदा एका गाईला विचारला गेला. गाय खोटं बोलली नाही. पण तिला खरं सांगताच येऊ नये, अशी तजवीज मी आधीच करून ठेवली होती. पुढे आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण इतका नक्षीदार पुन्हा जमला नाही.

आमचं गाव पुसेगावच्या अंगाला. त्या वर्षी मला मिशा फुटल्या होत्या. मिशा म्हणजे अकरा केस; हौदाच्या पाण्यात वाकून मी रोज मोजायचो. आवाजही फुटला होता, म्हणजे वाक्याची सुरुवात पाटलासारखी व्हायची आणि शेवट बकरीसारखा. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला बाप्या समजत होतो. कुणी लेकरू म्हटलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. शाळा दोन वर्षं करून सोडलेली होती. सही तेवढी झकास यायची.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. आबा बैल बघायला जवळा बाजारला गेलेले. तेवढ्यात आमची तांबडी गाय पाटलाच्या ज्वारीत शिरली आणि कोंडवाड्यात जाऊन पडली. दंड भरल्याशिवाय सुटका नाही, आणि दंड भरणारा माणूस तिकडे बैलांचे दात बघत बसलेला. इकडे गोठ्यात तिच्या वासरानं हंबरून हंबरून घसा बसवून घेतला. माय म्हणाली, आबा येऊ दे, मग सोडवू. पण मायला काय ठाऊक, घरात सध्या बाप्या मी होतो.

कोंडवाड्याला कुलूप नव्हतं, नुसता अडसर. राखणदार भाकरी खायला घरी गेला होता. मी अडसर काढला. मनात होतं फक्त तांबडीला बाहेर काढायचं. पण आत कोंडलेल्या वीस-बावीस जनावरांना माझ्या मनातलं कसं कळावं? ती सगळीच निघाली. समोर चावडी, आणि चावडीत नेमके त्या दिवशी पोलिसांचे अमीनसाहेब, म्हणजे आजच्या बोलीत फौजदार, दौऱ्यावर आलेले. कसल्या तरी बांधाच्या भांडणाचा पंचनामा चालला होता. त्या पंचनाम्यातून सगळा कळप आरपार गेला. एका म्हशीनं अमीनसाहेबांची बाज उलटी केली, शाई सांडली, आणि एका कालवडीनं पंचनाम्याचा कागद खाल्ला. घाईघाईत नव्हे. उभी राहून, चावून चावून.

मी तेव्हाही निसटलो असतो. कळपाच्या मागे, तांबडीचं शेपूट धरून मी येत होतो, आणि धुळीत कुणाला दिसतही नव्हतो. पण अमीनसाहेब उठून पगडी झटकत म्हणाले, "किस का बच्चा है ये?"

मला तो शब्द झोंबला.

"बच्चा कौन बोला? बीस साल का हूँ मैं."

अमीनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. उलट्या बाजेकडे पाहिलं. मग नवा कागद घेतला आणि त्यावर लिहिलं, उम्र बीस साल. खाली मी सही केली. अंगठा चालला असता, पण सही येते हे दाखवायची संधी सोडवेना.

आबा दुसऱ्या दिवशी आले, बैल न घेताच. त्यांनी मला मारलं नाही. ते नुसते ओट्यावर बसले आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्यांच्या जामिनावर मी तारखेपर्यंत घरी राहिलो, आणि हिंगोलीच्या वकिलांनी आम्हाला काय ते समजावलं. कोंडवाडा फोडणं हा गुन्हा, सरकारी कागद गाईगुरांना चारणं हा त्याच्या वरचा. पोरगं नाबालिग, म्हणजे कायद्याच्या वयाखालचं, ठरलं तर समज देऊन बापाच्या हवाली करतील. बालिग ठरलं तर परभणीचं जेल. आणि सरकारी कागदावर तर बीस साल, सही झकास.

"नाबालिग हाय म्हणून दाखला हाय काय?" वकिलांनी विचारलं.

दाखला शाळेत असायला हवा होता. मास्तरांनी पेटी उघडली, तर हजेरीबुकाचा नुसता पुठ्ठा उरलेला. आतली सगळी पोरं वाळवीच्या पोटात गेली होती. सुईण दोन वर्षांपूर्वी वारलेली. माझ्या जन्माचा एकच पुरावा मायजवळ होता, आणि तो तिनं वकिलांना भीत भीत सांगितला. आमची तांबडी जन्मली त्याच दिवशी मी जन्मलो. सुईण गोठ्यातून घरात आणि घरातून गोठ्यात पळत होती, आणि दोघंही जगली म्हणून तिला दोन लुगडी मिळाली.

मी म्हटलं, झालं, आता वकील हसतील. पण ते उठूनच बसले. गाईचं वय शिंगावर लिहिलेलं असतं, हे त्यांना माहीत होतं. पहिल्या तीन वर्षांचं शिंग गुळगुळीत, पुढे दर वर्षाला एक कडं. कडी मोजायची, त्यात तीन मिळवायची. आमच्या गावाशेजारच्या तांड्याचे म्हातारे नाईक हे वाचण्यात पटाईत होते. त्यांच्या बापजाद्यांनी बैलांवर धान्य लादून मुलुख पालथा घातलेला. जनावराच्या शिंगावर बोट फिरवून ते त्याचा दुष्काळ कोणत्या साली झाला तेही सांगायचे. नाईकांची साक्ष, गाईचा पुरावा, असं ठरलं. फक्त वकिलांनी बजावलं, तारखेच्या आधी नाईकांनी गाईला बोट लावायचं नाही. समोरचा म्हणेल, पढवून आणली.

माय त्या दिवशी पहिल्यांदा बराबर जेवली. आबांनी पागोटं बांधलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि माझा भांड्यातून बाहेर.

कारण पोळ्याच्या दिवशी, बैलांची शिंगं तासून रंगवताना, मी कुणाचं लक्ष नसताना तांबडीचीही शिंगं तासली होती. काचेच्या तुकड्यानं, अर्धा दिवस खपून, आरशासारखी गुळगुळीत. वर लाल हिंगूळ फासला. आबा ओरडलेही होते, गाईची शिंगं कुणी रंगवतं का म्हणून. पण रंग जाडा होता. रंगाखाली काय उरलं नाही, हे फक्त मला आणि तांबडीला ठाऊक.

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. मायचं तोंड बघितलं की धीर व्हायचा नाही.

तारखेला आम्ही पहाटेच निघालो. पुढे गाडी, मागे बांधलेली तांबडी, तिच्या मागे वासरू. हिंगोलीजवळ कयाधूच्या काठी भाकरी सोडली. सगळे जेवत असताना मी तांबडीपाशी उभा राहिलो, आणि मला ती युक्ती सुचली. कड्यांच्या जागी दोऱ्याचे वेढे दिले तर? माझ्या कमरेचा करदोटा लालच होता. नाबालिग ठरायला चाललो होतो, तरी मोठं दिसावं म्हणून मी आबांचं धोतर नेसलो होतो, आणि त्या करदोट्याच्या आधारानंच ते कसंबसं अंगावर होतं. पण पुरावा महत्त्वाचा. करदोटा सोडला, एका शिंगावर घट्ट वेढे दिले, वरून ओल्या बोटानं रंग सारवला. पाच वेढ्यांतच करदोटा संपला. दुसरं शिंग तसंच राहिलं.

कड्यांत तीन मिळवायची असतात, हा हिशोब मी त्या घाईत विसरलो. पाच म्हणजे किती, याचा विचारच केला नाही. मला वाटलं, कडी दिसल्याशी मतलब.

कचेरीच्या अंगणात लिंबाखाली तांबडी उभी केली. मुन्सफसाहेब हैदराबादकडचे, पांढऱ्या दाढीचे. ते खुर्ची सोडून पडवीच्या पायरीवर आले. मराठी त्यांना कळायची, उर्दू आम्हाला. बोलायचं मात्र ज्यानं त्यानं आपापलं. मला सलाम करायला सांगितलं. मी मान लववली. हात मोकळे नव्हते, दोन्हींनी धोतर धरलेलं होतं.

नाईक पुढे आले. डोळे मिटले आणि शिंगावर बोटं फिरवली. पहिल्या वेढ्यावर त्यांचं बोट अडलं. दुसऱ्यावर कपाळाला आठी आली. पण साक्षीची शपथ घेतलेली होती, आणि नाईक शपथेला जागणारे होते. जे हाताला लागलं ते त्यांनी सांगितलं.

"पाच कडी हायेत, साहेब. पाच आन तीन, आठ. ह्या हिशोबानं पोरगं आठ वरसांचं."

मुन्सफसाहेबांनी माझ्या अकरा केसांकडे पाहिलं. वकिलांनी आभाळाकडे. नाईक तोवर दुसऱ्या शिंगाकडे गेले होते.

"आन ह्या शिंगाला तर कडंच न्हाई," ते म्हणाले. "ह्या हिशोबानं तीन वरसांचं."

अंगणात जमलेले पक्षकार, चपराशी, पानवाला, सगळे हसायला लागले. अमीनसाहेबांनी तोंडापुढे रुमाल धरला. नाईकांना ते हसणं लागलं. ते परत पहिल्या शिंगाकडे वळले, नखानं काहीतरी उकरलं, आणि ओढत ओढत माझा अख्खा करदोटा सगळ्यांसमोर उलगडला.

"चाळीस वरसं शिंग वाचून राहिलो," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आन माझ्या हाताला तू चड्डीच्या दोरीनं फसवतोस व्हय रं?"

चड्डीची नव्हे, असं मी सांगणार होतो. तेवढ्यात हात सुटला आणि धोतरानं स्वतःच साक्ष दिली.

मी ते गोळा करून पुन्हा गुंडाळलं. मुन्सफसाहेब पायऱ्या उतरून गाईपाशी आले. रुमालानं शिंगावरचा रंग पुसला. खाली हाडासारखं गुळगुळीत शिंग. ते माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात विचारलं, हे कुणी केलं. मी म्हटलं, मीच. का केलं? आता आभाळ फाटलंच होतं, तर ठिगळ कुठं लावणार? जे होतं ते सांगितलं.

"पोळ्याला बैलायचीच शिंगं तासतेत, साहेब. बैलायलाच झूल, बैलायलाच पुरणपोळी. ही आपली गोठ्यात एकटीच उभी राहून बघून राहिली होती. मला वाटलं, हिला वाईट वाटत असंल."

एवढं बोलून, अकरा केसांसकट, मी भोकाड पसरलं. शेवट बकरीसारखाच झाला.

मागून माय आली. कचेरीत बाईमाणसानं पुढे येऊ नये, हे ती विसरली. तिनं पदरानं माझं नाक पुसलं, जसं रोज घरी पुसायची. मीही नाक पुढे केलं. सवयच होती.

मुन्सफसाहेब ते बघत राहिले. मग अमीनसाहेबांना म्हणाले, वीस वर्षांचं तुम्हाला सांगितलं कुणी? अमीनसाहेब म्हणाले, यानंच. वकिलांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्यांना मुन्सफसाहेबांनी हातानं थांबवलं.

"जो झूठा सबूत बनाने को अपनी धोती की डोरी दे दे," मुन्सफसाहेब म्हणाले, "वो बालिग नहीं हो सकता. लिखो, नाबालिग."

मला आबांच्या हवाली केलं. आबांकडून मुचलका लिहून घेतला, की पोरावर नजर ठेवीन आणि त्याला पुन्हा शाळेत घालीन. शाळेचं ऐकून मी जरा विचारात पडलो, परभणीचं जेल बरं होतं की काय. मुन्सफसाहेबांनी आणखी एक तोंडी हुकूम केला, तो कागदावर आला नाही. पोळ्याला गाईला पुरणपोळी द्यायची, काच लावायची नाही.

परतीच्या वाटेवर कयाधूच्या काठी पुन्हा गाडी सोडली. नाईकांनी कनवटीतून माझा करदोटा काढला आणि मायपुढे धरला. मायनं तो तिथंच माझ्या कमरेला बांधला, चांगल्या तीन गाठी मारून. आबा तांबडीपाशी गेले, तिच्या गुळगुळीत शिंगावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तीन वरसांचं पोरगं गाडीत आडवं झोपतं. तू काहून बसलास?" आणि हसायला लागले. आबा हसले की त्यांच्या खांद्यांनाही हसू यायचं. मग नाईकही हसले. मी मुकाट्यानं आडवा झालो, आणि खरंच झोपलो.

पुढल्या साली तांबडीच्या शिंगाच्या बुडाशी एक नवं कडं दिसायला लागलं. आबांनी मला गोठ्यात बोलावून ते बोटानं दाखवलं. "झालास चार वरसांचा," ते म्हणाले. मग दर पोळ्याला हा सोहळा ठरून गेला. तिला पुरणपोळी, मला माझं वय. चाराचा पाच, पाचाचा सहा. गावात कुणी माझं वय विचारलं की आबा म्हणायचे, गोठ्यात जाऊन बघा.

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीच्या मामांनी तेच विचारलं. आबांनी त्यांना हात धरून गोठ्यात नेलं, म्हाताऱ्या तांबडीचं शिंग दाखवलं आणि गंभीरपणानं कडी मोजून दिली. पाच आणि तीन, आठ. मामा माझ्या भरघोस मिशांकडे बघत राहिले. मग त्यांनी तो सगळा किस्सा ऐकून घेतला आणि घरी जाऊन भाचीला सांगितला.

तिनं मला पसंत केलं ते त्याच्यावरून. मिशांवरून नाही, हे तिनं नंतर मला स्पष्टच सांगितलं.